बाईंच्या मिस्टरांसाठी

रोज सकाळी हजेरी झाली की पार्टिशनच्या पलीकडे दुसरीचा वर्ग माझ्या दादाला बरं वाटावं म्हणून प्रार्थना करायचा. आणि दादा तर सुट्टीतच वारला होता.

वारला. सरळ शब्द आहे, पण आमच्याकडे तो कुणाच्या जिभेवर येईल तर शपथ. नातेवाईक म्हणाले, सुटला बिचारा. शाळेच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, देवाघरी गेले. शेजारीण म्हणाली, असं व्हायला नको होतं. जणू दूध उतू गेलं. हॉस्पिटलमध्ये वहिनी खालून औषधं घेऊन वर आली तेव्हा मी खोलीच्या दारात उभी होते. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, औषधांची पिशवी माझ्या हातात दिली आणि भिंतीला टेकली. मी काही बोलले नाही, तिनं काही विचारलं नाही. डॉक्टरांनी सही मागितली, ती तिनं केली.

वहिनी दुसरीच्या बाई, मी तिसरीच्या. नणंद घरात असली की बायका कपाळाला हात लावतात. हिच्या नशिबी नणंद घरातही आणि शाळेतही. आमची शाळा सिस्टर लोकांची. पूर्वी तिथं एक लांबलचक हॉल होता. मुलं वाढली तेव्हा मधे लाकडी घडीचं पार्टिशन घातलं आणि झाले दोन वर्ग. पार्टिशन म्हणायचं ते आपलं लाज राखायला. तिकडे पेन्सिल पडली की इकडची मुलं खाली वाकून शोधतात. माझ्या वर्गानं दुसरीचे पाढे दोनदा पाठ केलेत, एकदा दुसरीत असताना आणि एकदा पार्टिशनमधून.

वहिनी नवीन आली तेव्हा मी तिच्यावर खार खाऊन होते. एवढीशी बाई आणि काय तो आवाज! मी इकडे भागाकार शिकवतेय आणि तिकडे चाळीस पोरं टाळ्या वाजवून वजाबाकीचं गाणं म्हणतायत. मी पार्टिशनवर डस्टर आपटायचे. ती तिकडून दोनदा टकटक करायची, जणू काही मी तिची विचारपूस केली. मग एकदा तिच्या वर्गातला पंखा बिघडला आणि शाळेची वायरिंगची कामं दादाकडे असायची म्हणून तो आला. पंखा एक, पण तो दुरुस्त करायला माझ्या दादाला शनिवारमागून शनिवार लागायला लागले. मी काय दुधखुळी होते? सरळ पलीकडे गेले आणि तिला विचारलं, "पंखा कायमचा दुरुस्त करून हवाय का तुला?" ती लाल झाली. अशी ती आमच्या घरात आली.

मूलबाळ झालं नाही त्यांना. ती म्हणायची, शाळेत एवढी आहेत, आणखी कुठं ठेवू? खरंच होतं ते. पडलेले दात मुलं तिच्याकडे आणून द्यायची. 'चोरी करू नको' ही आज्ञा शिकवली त्या दिवशी अर्धा वर्ग घाबरला, म्हणून तिनं टेबलाच्या कोपऱ्यावर एक पत्र्याचा डबा ठेवला. दुसऱ्याचं खोडरबर, शार्पनर, जे काही चुकून दप्तरात आलं असेल ते त्यात टाकायचं, कुणी काही विचारणार नाही. डबा भरून वाहायला लागला. एकदा त्यात माझा चष्मा सापडला.

आणि सकाळचं प्रार्थनेचं वर्तुळ. आम्ही सगळ्याच ते करतो, पण माझ्याकडे ते झटपट उरकतं. तिच्याकडे मुलं चटईवर गोल बसायची आणि मेणबत्ती हातोहात फिरायची. ज्याच्या हातात मेणबत्ती त्यानं बोलायचं, बाकीच्यांच्या तोंडाला कुलूप. बोलून झालं की सगळ्यांनी म्हणायचं, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." आधी आजाऱ्यांसाठी, मग मेलेल्यांसाठी, मग बाकीचं. आजीचा गुडघा, मांजरीचा कान, बाबांना मोटारसायकल मिळू दे. एका पठ्ठ्यानं पुढच्या वर्षी तिसरीच्या बाईंऐवजी दुसऱ्या कुणी तरी येऊ देत अशीही मागणी केली होती. मी इकडून ऐकलं, आणि चाळीस जणांनी त्याला साथ दिली तेही ऐकलं.

पूर्वी ती मेणबत्ती खरी असायची. मग एका मुलीच्या वेणीची रिबीन जळाली आणि मोठ्या सिस्टरनी आगीवर बंदी घातली. तेव्हा दादानं एक मेणबत्ती बनवून दिली. पांढऱ्या पाइपचा तुकडा, वर छोटासा दिवा, आत सेल, बुडाला बटण. काम पक्कं करेल तर तो दादा कसला! कुठंतरी तार ढिली राहिली होती आणि मेणबत्ती मधेच विझायची. मग बुडावर तळहातानं एक चापट मारायची, की परत लागायची. तो म्हणाला, आणा, सरळ करून देतो. पण मुलांना ती चापटच इतकी आवडायची की वहिनीनं दिली नाही. मुलं त्याला ओळखायची. शिडीवर चढून तो वरूनच पाढे विचारायचा आणि म्हणायचा, चुकलात तर पंखा बंद.

तो आजारी पडला तेव्हा वहिनीनं लपवलं नाही. एक दिवस मेणबत्ती तिच्या हातात आली आणि ती म्हणाली, "माझे मिस्टर आजारी आहेत, त्यांना बरं वाटू दे." झालं. दुसऱ्या दिवसापासून ती मागणी एका मुलीनं आपल्याकडे घेतली. या मुलीला शाळेत सगळे वकीलीणबाई म्हणतात. देव सगळीकडे आहे तर चॅपलमध्येच कुजबुजायला बंदी का, मैदानावर का नाही, असं तिनं फादरना विचारलं होतं आणि फादरना एकदम काम आठवलं होतं. तर वकीलीणबाई रोज उठायची, मेणबत्तीला चापट मारायची आणि ठणकावून म्हणायची, "आमच्या बाईंच्या मिस्टरांना बरं वाटू दे." देवाला समन्सच पाठवल्यासारखं.

मग दिवाळीच्या सुट्टीत दादा गेला. शाळा सुरू झाली तेव्हा वहिनी रजेवर होती आणि दुसरीवर एक बदली बाई आली, पोरसवदा, पहिलीच नोकरी. मोठ्या सिस्टरना वाटलं, तिनं वर्गाला सांगितलं. तिला वाटलं, मोठ्या सिस्टर सांगतील, आपण कोण सांगणाऱ्या? मला वाटलं, दोघींनी मिळून सांगितलं. माझ्या वर्गाला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, उभ्या उभ्या, आणि मग लगेच शुद्धलेखन घातलं होतं. पलीकडे मात्र सगळ्यांनी एकमेकींवर टाकलं आणि काम कुणीच केलं नाही.

वहिनी परत आली त्या सकाळी मी फळ्यावर तारीख लिहीत होते. पलीकडे चटई उलगडल्याचा आवाज आला. चापटीचा आवाज आला. मग वकीलीणबाईचा आवाज, "आमच्या बाईंच्या मिस्टरांना बरं वाटू दे."

माझा हात फळ्यावरच राहिला. माझी मुलं माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, आता सांगेल. आता ती सांगेल, वर्ग रडेल, मग मी पलीकडे जाईन. मग वहिनीचा आवाज आला, सपाट, पुसलेल्या पाटीसारखा.

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

आणि तिच्यामागून सगळा वर्ग म्हणाला. मी माझ्या पोरांना म्हटलं, "माझ्या तोंडाकडे काय बघताय? पुस्तकं काढा."

संध्याकाळी घरी आल्यावर मी विषय काढला. ती वह्या तपासत होती.

"उद्या सांगणार ना मुलांना?"

"सांगते."

"मी येऊ का?"

"नको. सांगते मी."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पुढं पुढं मी मोजायचं सोडून दिलं.

लोक म्हणायचे, केवढी खंबीर आहे. काही म्हणायचे, दगड आहे नुसती, डोळ्यातून टिपूस नाही. मला दोन्ही ऐकून सारखाच संताप यायचा. खंबीर नाही आणि दगडही नाही हो. दात काढताना सुई देतात ना, मग गाल आपलाच असतो पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं झालं होतं तिचं. सगळं वेळच्या वेळी करायची. कपडे इस्त्रीचे, वह्या तपासलेल्या, डबा भरलेला. एक दिवस जेवणात मी मीठ विसरले, ती जेवली. दुसऱ्या दिवशी दुप्पट पडलं, तेही जेवली. एकदा गॅसवरचं तापलेलं भांडं तिनं नुसत्या हातानं उचललं आणि सावकाश ओट्यावर ठेवलं. बोटं लाल झाली होती. मी ओरडले, "अगं भाजलं ना!" तिनं बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, वाटतंय."

आणि मी? मी ओरडते म्हणून लोकांना वाटतं मला काही होत नाही. मला खरंच काही होत नव्हतं. दादाचे हत्यारांचे खोके दारामागे होते, मी त्यांच्या भोवतीनं रोज केर काढत होते. दादा नाही हे मला माहीत होतं, जसं पृथ्वी गोल आहे हे माहीत असतं. फक्त सकाळी ती प्रार्थना सुरू झाली की मी फळ्यावर उगाच काहीतरी लिहीत राहायचे, आणि संपली की पुसून टाकायचे.

एका रविवारी मात्र माझा पारा चढला. मी म्हटलं, "वहिनी, लेकरं आहेत ती. देवाला रोज सांगतायत की माणूस बरा कर, आणि माणूस जाऊन बसलाय. उद्या कळलं की काय म्हणतील? देवावर विश्वास ठेवतील का तुझ्यावर?"

ती कपडे दोरीवर टाकत होती. हातातला टॉवेल झटकला, टाकला, चिमटा लावला.

"त्या एवढ्याशा वेळात तो आजारी असतो गं," ती म्हणाली. "नुसता आजारी."

मी चिमट्यांची टोपली तिच्याकडे सरकवली.

"आजारी म्हणजे आहे," ती म्हणाली, आणि पुढचा टॉवेल उचलला.

मी आत गेले आणि उगाच भांडी आपटत बसले.

आता मागं वळून पाहिलं की वाटतं, त्या वर्गात काहीतरी वेगळं चाललंय हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसरीचा वर्ग शांत झाला होता. दुसरीचा वर्ग, शांत! वहिनी ओरडत नव्हती, गाणी घेत नव्हती, तरी पोरं हूं की चूं करत नव्हती. मला वाटलं, बाईंचा मूड नाही म्हणून दबलीत. मग एक दिवस धर्मशिक्षणाच्या तासाला लाजरसची गोष्ट आली. येशूचा मित्र लाजरस मरतो आणि येशू त्याला थडग्यातून परत बोलावतो, ती. मी इकडे चित्रकलेचा तास लावून दिला होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

वहिनी त्याच सपाट आवाजात सांगत होती. "लाजरस आजारी पडला. त्याच्या बहिणींनी येशूला निरोप पाठवला. पण येशू यायच्या आधीच लाजरस..."

"बाई, मी बाथरूमला जाऊ?" वकीलीणबाई.

"जा. तर येशू यायच्या आधीच..."

"बाई, मीपण!" दुसरं कुणीतरी.

"बाई, याला उलटीसारखं होतंय!"

"बाई, लाजरस आजारीच होता ना? खूप आजारी होता, हो ना?"

एकदम गलका. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. वहिनी म्हणाली, "हो. खूप आजारी होता." आणि गोष्ट तिथंच थांबली. मला वाटलं, काय ही कार्टी, गोष्टसुद्धा धड ऐकून घेत नाहीत! माझ्या एका मुलानं लाजरसचं चित्र काढलं होतं, पलीकडच्या कार्ट्यांवरचा राग मी त्या चित्रावर काढला.

मग मोठ्या सिस्टरनी सूचना काढली. दरवर्षी आमच्याकडे एका शुक्रवारी शाळेच्या कुटुंबातल्या दिवंगतांसाठी चॅपलमध्ये मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, असते. वर्षभरात गेलेल्यांची नावं फादर वेदीवरून वाचतात आणि सगळी शाळा प्रार्थना म्हणते. त्या मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुझ्या भावाचं नाव पहिलं ठेवलंय. शाळेची किती कामं केली त्यानं. दुसरीची मुलं पुढच्या बाकांवर बसतील." मग दोन पायऱ्या उतरून, मागं वळून म्हणाल्या, "मुलांना सांगितलंय ना नीट?"

मी म्हटलं, "होईल सिस्टर." झालंय म्हणाले नाही, होईल म्हणाले. तेवढा सत्यवादीपणा आहे माझ्यात.

शुक्रवारी फादर माइकवरून नाव वाचणार, अख्ख्या शाळेसमोर, आणि पुढच्या बाकांवर बसलेल्या सात-सात वर्षांच्या पोरांना तिथं कळणार, की ज्याच्यासाठी आपण आज सकाळपर्यंत मागत होतो तो केव्हाच गेलाय आणि आपल्या बाई आपल्याबरोबर खोटं खोटं म्हणत होत्या. एकदा का मुलांच्या मनातून बाई उतरली की संपलं. आणि वहिनीकडे आता दुसरं होतं काय? घरी मी आणि दारामागचे खोके. तिला जगात कुठं जागा उरली होती तर ती त्या चटईवर होती.

मी तिला घरी सगळं सांगितलं. हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ती म्हणाली, "शुक्रवारच्या आत सांगते." बुधवारी म्हणाली, उद्या. गुरुवारी सकाळी मी पार्टिशनला कान लावून उभी राहिले, वर्गासमोर, लाज सोडून. चापट. "आमच्या बाईंच्या मिस्टरांना बरं वाटू दे." "प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

शुक्रवारी आम्ही बरोबर शाळेत आलो. वर्गांच्या दारांसमोर ती थांबली. पिशवीतून मेणबत्ती काढली आणि माझ्या हातात दिली, तशीच, जशी औषधांची पिशवी दिली होती.

"तू सांग," ती म्हणाली. "मी तुझ्या वर्गात बसते."

"मी?"

"माझ्या तोंडातून शब्द येत नाही गं. मी रोज ठरवते. येतच नाही."

आणि ती माझ्या वर्गात शिरली. मी मेणबत्ती घेऊन दुसरीत गेले. मला बघितल्यावर पोरांचे चेहरे असे झाले, जणू पुढचं वर्ष आजच उजाडलं. चटई अंथरलेली होती. मी लहान खुर्ची ओढली, बसले, गुडघे हनुवटीला लागले. म्हटलं, एक घाव दोन तुकडे.

"मुलांनो, नीट ऐका. तुम्ही रोज बाईंच्या मिस्टरांसाठी प्रार्थना करता. ते म्हणजे माझा दादा. तो..." मी घसा साफ केला आणि जोरात म्हणाले, "तो वारला. सुट्टीतच वारला."

कुणी रडलं नाही. कुणी हललंसुद्धा नाही. सगळ्यांनी वकीलीणबाईकडे पाहिलं, आणि वकीलीणबाईनं ओठांवर बोट ठेवलं. माझ्यासाठी!

"हळू बोला ना बाई," ती कुजबुजली. "पलीकडे ऐकू जाईल. बाईंना अजून माहीत नाही."

मी तिच्याकडे वाकले.

"काय माहीत नाही?"

"की ते वारले," ती म्हणाली. "आम्हाला माहीत आहे. तिसरीच्या मुलांनी मैदानावर सांगितलं. आणि माझी आई येऊन गेली ना तुमच्या घरी, तिला मी विचारलं."

दुसरी एक मुलगी म्हणाली, "आम्ही पहिल्या दिवशी बाईंना विचारणार होतो. पण हिनं आधी म्हणून बघितलं, बरं वाटू दे, असं. तर बाईपण म्हणाल्या."

"म्हणजे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं," वकीलीणबाई म्हणाली. "माहीत असतं तर कशाला म्हणाल्या असत्या? म्हणून मग आम्ही ठरवलं. वर्गात कुणी मेला म्हणायचं नाही. लाजरसच्या वेळी किती पंचाईत झाली!" मग ती माझ्या जवळ सरकली, आणि पहिल्यांदाच मला त्या पोरीच्या डोळ्यात भीती दिसली. "बाई, पण आज फादर नाव वाचणार आहेत. माइकवरून. सगळ्यांसमोर कळेल ना मग बाईंना? तुम्ही तरी आधी सांगा ना त्यांना. तुम्ही तर घरी असता."

मोठी झाले, केस पिकले, पण असं कुणी माझं तोंड बंद केलेलं मला आठवत नाही. एवढे दिवस. एवढे दिवस चाळीस पोरं जीव मुठीत धरून बसली होती, की बाईंना कळू नये. आणि आम्ही शहाण्या, पार्टिशनच्या अलीकडे-पलीकडे, की पोरांना कळू नये. मैदानावर सगळी मुलं एकत्र खेळतात हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात येऊ नये? मला हसू येत होतं की रडू, मला सांगता यायचं नाही.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पलीकडे माझा वर्ग एकदम गप्प आहे. तिकडे पेन्सिल पडली तर इकडे कळतं. मी तर ओरडले होते.

दार उघडलं. वहिनी दारात उभी होती. चेहरा कोराच होता, फक्त हात दाराच्या कडीवरून सुटत नव्हता. तिनं किती ऐकलं होतं ते पोरांना ठाऊक नव्हतं, मला होतं. मी उठायला लागले. तोंड उघडलं. हॉस्पिटलच्या दारात जे बोलायचं राहिलं होतं ते आता तरी बोलावं म्हटलं, तर माझ्याही घशातून शब्द येईना.

वकीलीणबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग पार्टिशनकडे, मग घड्याळाकडे. मोठ्यांच्यानं काही होत नाही हे तिला कळलं असावं. ती उठली, माझ्या हातातून मेणबत्ती काढून घेतली आणि दारापाशी जाऊन वहिनीचा हात धरला.

"बाई, तुम्ही आधी बसा," ती म्हणाली.

वहिनी आली. मी खुर्ची रिकामी केली, ती बसली. वकीलीणबाई तिच्यासमोर उभी राहिली. मेणबत्ती लागेना. तिनं बुडावर चापट मारली, लागली.

"बाई," ती म्हणाली, "तुमचे मिस्टर वारले. आम्ही रोज म्हणत होतो, बरं वाटू दे. पण ते बरे नाही झाले. वारले."

वहिनी त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होती. मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं,

"कधी?"

"सुट्टीत," वकीलीणबाई म्हणाली. "पुष्कळ दिवस झाले, बाई."

"असं होय," वहिनी म्हणाली.

आणि मग ती रडली. आवाज करून रडली, खांदे हलवून, नाक गळेपर्यंत, लहान मूल रडतं तशी. पोरं घाबरली नाहीत. इतके दिवस याचीच तयारी करत असल्यासारखी एकेक जण उठून आली. कुणी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, कुणी पाठीवर. एकानं तिला आपली पाण्याची बाटली दिली. एकानं तो पत्र्याचा डबा आणून तिच्या मांडीवर ठेवला, का ते त्याचं त्याला माहीत. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. माझं काय झालं ते मी सांगणार नाही. पण माझ्या वर्गानं पार्टिशनच्या फटीतून बघितलंय आणि सगळ्या शाळेला सांगितलंय.

मग घंटा झाली. वहिनीनं तोंड धुतलं. रांग लावली. "हात मागे, कुणी ढकलायचं नाही," असं ती म्हणाली आणि आवाज जरा चिरका आला, पण आवाज होता. चॅपलमध्ये दुसरी पुढच्या बाकांवर बसली, वहिनी कडेला. मी मागे माझ्या पोरांबरोबर. फादरनी माइक सरळ केला, कागद वर धरला आणि दादाचं पूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट.

सगळी शाळा वेदीकडे बघत होती. पुढच्या बाकांवरची चाळीस डोकी मात्र एकदम कडेला वळली, बाईंकडे.

वहिनीनं त्यांच्याकडे पाहून मान हलवली. माहीत आहे, अशी.